एक ब्राउनिंग, अनेक अवतार

मोठ्या कुटुंबांत एकाच नांवाचीं दोन-तीन माणसें असलीं म्हणजे काय घोटाळे होतात, हें आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नको. आजोबांचें नांव नातवाला ठेवावयाचें ही आपली जुनी चाल. ती तिघां भावांनीं एकदमच पाळली, कीं एका छपराखालीं तीन ‘विष्णु’ नांदूं लागतात. मग थोरला विष्णु, मधला विष्णु आणि धाकटा विष्णु अशी वाटणी होते. घरच्या माणसांचें त्यानें कांहीं अडत नाहीं. पण बाहेरचा मनुष्य दारांत आला, कीं एकाचें पत्र दुसऱ्याच्या हातीं पडलेंच म्हणून समजावें. इतिहासांतही तीच गत. नुसतें ‘बाजीराव’ म्हटल्यानें काय बोध व्हावा? एक बाजीराव १७४० सालीं नर्मदाकांठीं रावेरखेडीस मोहिमेंतच वारला. दुसऱ्यानें १८१८ सालीं राज्य इंग्रजांच्या हवालीं केलें आणि तो ब्रह्मावर्तीं जाऊन राहिला. नांव एक, पद एक, घराणें एक. करणी मात्र जमीनअस्मानाच्या अंतराची.

असाच एक नांवाचा घोटाळा कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका आप्तांच्या घरीं झाला. तो माणसाच्या नांवाचा नसून पिस्तुलाच्या नांवाचा होता. पिस्तुलासारखा विषय या पानांत पाहून आमच्या कित्येक भगिनी कपाळाला आंठ्या घालतील, हें आम्ही जाणतों. परंतु शेवटपर्यंत वाचल्यास त्यांना दिसून येईल, कीं हा विषय शस्त्राचा कमी आणि नोंदीचा अधिक आहे. आणि नोंदीवांचून कोणत्या घराचें चाललें आहे?

हकीकत अशी. आमच्या या आप्तांचे वडील जंगलखात्यांत नोकरीस होते. रानांत मुक्काम पडे, म्हणून त्यांनीं परवाना काढून एक लहानसें पिस्तूल घेतलें होतें. त्यांच्यामागें तें रीतसर चिरंजिवांच्या परवान्यावर चढलें आणि पुढें पन्नासएक वर्षें कपाटांत कुलुपाआड पडून राहिलें. काका वारल्यावर मुलांनीं कायद्याप्रमाणें तें जमा करावयास नेलें. तेथें जुनें व नवें अशीं दोन्हीं परवान्यांचीं पुस्तकें उघडण्यांत आलीं. जुन्यांत लिहिलें होतें, ‘पिस्तूल, ब्राउनिंग, .३२’. नव्यांत लिहिलें होतें, ‘पिस्तूल, एफ. एन., बेल्जियम, ७.६५ मि. मी.’. कारकुनांनीं सरळ प्रश्न केला : “बेल्जियमचें पिस्तूल आणलेंत तें दिसतें आहे. ब्राउनिंग कोठें आहे?”

मुलें निरुत्तर झालीं. एक शस्त्र गहाळ झालें, किंवा वडिलांनीं तें कोणाला परस्पर दिलें, असा त्या प्रश्नाचा अर्थ होत होता. घरीं आल्यावर काकूंना तें समजलें, तेव्हां त्या माउलीनें दोन दिवस धड अन्न घेतलें नाहीं. “यांनीं उभ्या जन्मांत कोणाची सुतळीसुद्धां ठेवून घेतली नाहीं, आणि गेल्यावर हा ठपका!” एवढेंच त्या पुन्हां पुन्हां म्हणत. थोरल्या मुलाला आमची या गोष्टींतली जुनी हौस ठाऊक असल्यानें तो आमच्याकडे आला. येतांना त्यानें प्रतिज्ञापत्राचा एक मसुदाही आणला होता, आणि त्यांत ‘सदर पिस्तूल ब्राउनिंग मॉडेल १९०० हें होय’ असें ठासून लिहिलें होतें. कोठें तरी चित्र पाहून त्यानें तें ठरविलें होतें. तो कागद तसाच दाखल झाला असता, तर दोन पिस्तुलांचीं तीन झालीं असतीं! तें कसें, हेंच आज सांगावयाचें आहे.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेंतील युटा प्रांतांतल्या ऑग्डेन गांवचा एक कसबी बंदूककार. जन्म १८५५ चा. यंत्राची कल्पना सुचणें ही त्याच्या हातची गोष्ट. पण ती लाखांनीं घडविणारा कारखाना त्याचा स्वतःचा नव्हता. तो आपले नमुने निरनिराळ्या कारखान्यांना देई. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील कोल्ट आणि युरोपांत बेल्जियममधील लिएजजवळच्या हेर्स्टाल गांवची ‘फाब्रिक नासिओनाल’, अर्थात् राष्ट्रीय कारखाना, हे त्यांतले दोन मुख्य. या दुसऱ्या कारखान्याचीं आद्याक्षरें तीं ‘एफ. एन.’. तो १८८९ सालीं बेल्जियन सैन्याच्या बंदुकांसाठीं निघाला होता, आणि १८९७ पासून त्याचा ब्राउनिंगशीं करार झाला. पुढें १९२६ सालीं ब्राउनिंगला मृत्यूही हेर्स्टाललाच आला. तेव्हां ब्राउनिंग हा कर्ता आणि एफ. एन. हा कारखाना. एकाच पिस्तुलाला कोणी कर्त्याचें नांव देतो, कोणी कारखान्याचें. जसें एकाच पुस्तकाला कोणी लेखकाच्या नांवानें ओळखावें आणि कोणी छापखान्याच्या.

आतां त्या ‘.३२’ आणि ‘७.६५’ विषयीं. नळीचा व्यास अमेरिकन लोक इंचांत सांगतात, युरोपांतले मिलिमीटरांत. ब्राउनिंगनें आपल्या पहिल्या खिशांतल्या पिस्तुलासाठीं जें काडतूस तयार केलें, त्याला युरोपांत ‘७.६५ ब्राउनिंग’ म्हणतात आणि अमेरिकेंत ‘.३२ ऑटो’. काडतूस तेंच, तसूभर फरक नाहीं. म्हणजे आमच्या आप्तांच्या दोन्हीं नोंदी खऱ्या होत्या. पहिल्या कारकुनानें कर्त्याचें नांव व इंचांचें माप लिहिलें; दुसऱ्यानें कारखान्याचें नांव व मिलिमीटरांचें माप लिहिलें. दोघांनींही खोटें लिहिलें नाहीं, आणि दोघांच्या खरेपणांतून एक नसलेलें पिस्तूल जन्माला आलें.

परंतु खरी गुंतागुंत पुढेंच आहे. या पिस्तुलांना जीं सालांचीं नांवें पडलीं आहेत, त्यांवरून फसगत फार होते. एफ. एन.चें ‘१९००’ हें पहिलें. त्याचे सुमारें सात लाख नग निघाले. त्यानंतर ‘१९०३’ आलें. तें अंगानें मोठें, आणि त्याचें काडतूसही निराळें, ९ मिलिमीटरचें लांब जातीचें. त्याच सुमारास कोल्टनेंही ब्राउनिंगच्याच कल्पनेवरून आपलें ‘१९०३’ काढलें. तें मात्र खिशांतलें व.३२ चें. बरें, कोल्टचें तरी ‘१९०३’ एकच असावें? तेंही नाहीं. एक ‘पॉकेट हॅमरलेस’, म्हणजे बिनघोड्याचें, आणि दुसरें ‘पॉकेट हॅमर’, म्हणजे घोड्याचें, त्याचें काडतूस.३८ चें. आणि त्या बिनघोड्याच्या पिस्तुलाचें नवल असें, कीं त्यालाही घोडा आहेच! तो वरच्या सरकत्या भागाखालीं झांकलेला असल्यामुळें दिसत नाहीं, इतकेंच. खिशांतून काढतांना कापडांत अडकूं नये म्हणून ही युक्ति. ‘नांव सोनुबाई, हातीं कथिलाचा वाळा’ या आपल्या म्हणीची आठवण व्हावी असा हा प्रकार. पुढें १९०८ सालीं कोल्टनें पुन्हां तीच पुनरावृत्ति केली : .३८० चें एक ‘१९०८’ आणि कोटाखालच्या जाकिटाच्या खिशांत मावणारें .२५ चें दुसरें ‘१९०८’. या दुसऱ्याचा बेल्जियन जुळा भाऊ ‘१९०६’ म्हणून ओळखला जातो, आणि कोणी त्याला ‘१९०५’ असेंही म्हणतात.

मग आलें एफ. एन.चें ‘१९१०’. हें नांव तर बाजारांत येण्यापूर्वींचें आहे. कारण प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालें १९१२ सालीं. हें ७.६५ मध्येंही मिळे व ९ मिलिमीटरच्या आंखूड काडतुसांतही मिळे. त्याचीच नळी व मूठ लांबवून १९२२ चा नमुना झाला. सर्ब, क्रोट व स्लोव्हेन यांच्या नव्या राज्याला तसें हवें होतें म्हणून. आणि १९३० नंतर ज्याला ‘बेबी ब्राउनिंग’ म्हणूं लागले, तें ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच कारागिरानें आंखलें. त्याचें नांव द्येदोने सेव्ह.

ज्या पिस्तुलासाठीं एवढा खटाटोप, त्या आमच्या आप्तांच्या पिस्तुलावर काय कोरलें होतें? कारखान्याचें पूर्ण फ्रेंच नांव, त्याखालीं ‘ब्राउनिंगचें पेटंट’ अशा अर्थाचे शब्द, आणि मापाचे आंकडे. नमुन्याचें साल कोठेंच नव्हतें, आणि तें नसतेंच. तें ओळखावयाचें तें अंगलक्षणांवरून. १९०० च्या नमुन्यांत स्प्रिंग नळीच्या वरच्या अंगास असते. त्यामुळें तोंडाचा भाग उंच व दुमजली दिसतो. १९१० च्या नमुन्यांत स्प्रिंग नळीभोंवतींच गुंडाळलेली असते. म्हणून तोंड गोल, आणि त्यावर हातानें फिरवितां यावी अशी खरखरीत कडी असते. शिवाय मुठीच्या मागच्या अंगास एक दाबली जाणारी सुरक्षा-पट्टी असते. काकांच्या पिस्तुलाला कडीही होती व पट्टीही होती. म्हणजे तें १९१० चें. मुलाच्या मसुद्यांतलें ‘१९००’ हें तिसरेंच पिस्तूल ठरलें असतें, तें असें.

निकाल अखेर लागला तो नांवावर नव्हे, सालावर नव्हे, तर क्रमांकावर. दोन्हीं पुस्तकांत कोपऱ्यांत एक क्रमांक होता. जुन्या पुस्तकांतला शाई उडून फिका झालेला; एक आंकडा ‘१’ कीं ‘७’ याचा पत्ता लागेना. भिंग लावून पाहिलें आणि पिस्तुलावर ठोकलेल्या क्रमांकाशीं ताडून पाहिलें, तेव्हां दोन्हीं नोंदी व वस्तु एकच असल्याचें स्पष्ट झालें. साहेबांनीं तें मान्य केलें, शेरा मारला, आणि काकू त्या दिवशीं पोटभर जेवल्या.

ही झाली एका घरची गोष्ट. परंतु हाच घोटाळा जगाच्या इतिहासांत शिरल्याचें उदाहरण आहे. २८ जून १९१४ रोजीं साराजेव्हो येथें गाव्रिलो प्रिन्सिप या तरुणानें ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनंड व त्याची पत्नी सोफी यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यांतून पहिलें महायुद्ध पेटलें. तें पिस्तूल ‘ब्राउनिंग’ होतें हें सर्वांस ठाऊक होतें; आणि ब्राउनिंग म्हटल्यावर पुष्कळ ग्रंथकारांनीं तें १९०० च्या नमुन्याचें, ७.६५ चें, असें लिहून टाकलें. एकानें लिहिलें तें दुसऱ्यानें उतरून घेतलें. वास्तविक कटवाल्यांचीं चारही पिस्तुलें १९१० च्या नमुन्याचीं, ९ मिलिमीटर आंखूड काडतुसाचीं होतीं. त्यांचे क्रमांक नोंदले गेले होते. त्यांतला १९०७४ हा प्रिन्सिपच्या पिस्तुलाचा मानतात. आन्टोन पुन्टिगाम नांवाच्या जेझुइट पाद्र्यानें जपलेल्या वस्तु त्या पंथाकडे होत्या. त्या २००४ सालीं व्हिएन्नाच्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयांत आल्या. तरीही जुनी चूक ठिकठिकाणीं छापली जातच आहे. छापलेली चूक आणि उतू गेलेलें दूध परत भांड्यांत येत नाहीं!

आपल्या महाराष्ट्राचाही या नांवाशीं संबंध आहे. १९०९ सालीं सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें हिंदुस्थानांत पाठविलीं. त्याच वर्षीं २१ डिसेंबर रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. या प्रकरणीं कोणी ‘१९१० च्या नमुन्याचें पिस्तूल’ असें लिहिलेंच, तर वाचकांनीं लागलीच ओळखावें, कीं लेखकानें तपास केलेला नाहीं. कारण जो नमुना १९१२ पर्यंत कारखान्यांतून बाहेर पडला नाहीं, तो १९०९ सालीं नाशकांत येणार कसा? त्या काळीं बाजारांत १९००, १९०३ व १९०६ हे नमुने होते, आणि या सर्वांना लोक नुसतें ‘ब्राउनिंग’च म्हणत. युरोपांतल्या कित्येक भाषांत तर ‘ब्राउनिंग’ म्हणजे कोणतेंही खिशांतलें पिस्तूल, असा अर्थ रूढ झाला होता. आपल्याकडे वनस्पति तुपाला ‘डालडा’ म्हणतात तसेंच.

दुसरें उदाहरण सांगतांना मन जड होतें. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींचा प्राण ज्या पिस्तुलानें घेतला, तें इटलीच्या बेरेट्टा कारखान्याचें १९३४ च्या नमुन्याचें, ९ मिलिमीटर आंखूड काडतुसाचें. आजचा वाचक ‘९ मिलिमीटरचें बेरेट्टा’ एवढेंच वाचतो आणि १९८५ सालीं अमेरिकन सैन्यानें घेतलेलें मोठें बेरेट्टा डोळ्यांपुढें आणतो. दोहोंत कारखाना व आंकडा यांखेरीज साम्य नाहीं. इतकेंच काय, १९३४ च्या शेजारीं त्याच बांध्याचें १९३५ चें बेरेट्टा आहे. तें पुन्हां ७.६५ चें.

आंखूड काडतुसाच्या नांवांची तर गणतीच नको. अमेरिकन त्याला ‘.३८० ऑटो’ म्हणतात, जर्मन ‘९ कुर्झ’, इटालियन ‘९ कोर्तो’, फ्रेंच ‘९ कूर’. लांबी सांगणारे ‘९ गुणिले १७’ म्हणतात. लष्करी ‘९ पॅराबेलम’ तें ‘९ गुणिले १९’. रशियन मकारोवचें ‘९ गुणिले १८’, आणि त्याची गोळी थोडी जाडही. हीं एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. आपल्याकडे हाच धोका ‘.३२’ मध्यें आहे. आपल्या सरकारी शस्त्रकारखान्यांत .३२ चें रिव्हॉल्व्हरही होतें आणि .३२ चें पिस्तूलही होतें. परंतु रिव्हॉल्व्हरचें काडतूस लांब व बुडाशीं कडा असलेलें, आणि पिस्तुलाचें आंखूड. आंकडा एक म्हणून वस्तु एक, असें समजून कोणी काडतुसें आणलीं, तर पैसे तरी वायां जातात, नाहीं तर जिवावर बेततें.

हा सर्व जुन्या काळचा गोंधळ, आतां तसें राहिलें नसेल, असें कोणास वाटेल. पण आतांचें तर विचारूंच नये. जर्मनीच्या वाल्थर कारखान्यानें १९२९ सालीं ‘पीपी’ काढलें, त्याचें आंखूड रूप ‘पीपीके’; आणि १९६८ च्या अमेरिकन कायद्यानें फार लहान पिस्तुलांची आयात अडविली, तेव्हां पीपीची मूठ व पीपीकेचा वरचा भाग जोडून ‘पीपीके/एस’ निर्माण झालें. म्हणजे एका अक्षराचा जन्म कायद्याच्या पळवाटेंतून! ‘डॉक्टर नो’ या १९६२ च्या चित्रपटांत बाँडला मोठ्या थाटानें ‘पीपीके’ देतात, आणि हातांत दिसतें तें पीपी. ऑस्ट्रियाच्या ग्लॉकनें तर आंकडेच नांवें केलीं. पहिलें ‘१७’; तें म्हणे कारखान्याच्या सतराव्या पेटंटावरून. त्यांत काडतुसेंही सतराच मावतात हा योगायोग. पण त्यामुळें आंकडा म्हणजे काडतुसांची संख्या, अशी पुष्कळांची समजूत झाली. तशी ती असती, तर त्याहून लहान ‘१९’ मध्यें एकोणीस मावावयास हवीं होतीं, मावतात पंधरा. ‘२६’ त्याहूनही लहान, त्यांत दहा. ‘४५’ नांव ऐकून .४५ चें मोठें काडतूस समजावें, तर तें ९ मिलिमीटरचें, आणि खरें.४५ चें त्याचें नांव ‘२१’. ‘१९ एक्स’ ला मूठ १७ ची व वरचा भाग १९ चा. शिवाय प्रत्येकाच्या ‘पिढ्या’ निराळ्या. २०१७ सालीं पांचवी पिढी निघाली. आमच्या कुलवृत्तान्तांतही इतक्या शाखा नसतील.

यावरून बोध काय घ्यावा? ज्यांच्या घरीं वाडवडिलांचें परवान्याचें शस्त्र आहे, त्यांनीं आजच परवान्याचें पुस्तक काढून पहावें. कर्ता, कारखाना, माप हीं सर्व असूं द्यावींत. पण क्रमांक स्वच्छ व बिनचूक आहे कीं नाहीं, हें आधीं पहावें. नमुन्याचें साल अंदाजानें लिहूं नये. न लिहिलेलें परवडतें, चुकीचें लिहिलेलें परवडत नाहीं. माप चित्रावरून ठरवूं नये, नळीवर कोरलेलें वाचून घ्यावें. आणि तें वाचण्यासाठीं घरच्या पोरांनीं शस्त्र हाताळूं नये, परवानाधारक दुकानदाराकडून तें रिकामें करवून घ्यावें. परवानेदार वारल्यास शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यांत किंवा तशा दुकानदाराकडे जमा करावें. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका इसमाला दोहोंहून अधिक शस्त्रें ठेवतां येत नाहींत. अशा वेळीं एकाचीं दोन दिसणें हें पूर्वींपेक्षांही महाग पडेल.

आणि ज्यांच्या घरीं शस्त्र नाहीं, अशांनाही हा पाठ लागू आहे. जमिनीचा उतारा, विम्याचा कागद, बँकेचें पुस्तक, शाळेचा दाखला, यांत आपलें नांव एके ठिकाणीं एक व दुसऱ्या ठिकाणीं दुसरें असें किती घरांत असेल! जिवंतपणीं आपण हंसून म्हणतों, “मीच तो.” पण तें सांगणारा माणूस गेल्यावर कागदच बोलतात; आणि कागद जें बोलतात, तें मागें राहिलेल्यांना ऐकून घ्यावें लागतें. काकूंनीं त्या दिवशीं नातवाला सांगितलें तेंच आम्ही वाचकांना सांगतों : “बाबा, नांव मोठें लिहूं नकोस, नीट लिही.”